सगळं मोबाईलवर

मेहनाजला जुळे सोलापुरातलं भाड्याचं घर पाहताक्षणी आवडलं. अम्मीनं तर खिडकीजवळ पलंगाची जागाही ठरवून टाकली. एजंट शिवयोगी मोबाईल नाचवत म्हणाला, "ताई, आता चकरा बंद. व्हिडिओ, करार, सगळं ह्याच्यावरच करतो. मालकांना विचारून कळवतो की!" संध्याकाळी त्याचा आवाजी मेसेज आला. अम्मी नमाज पढत होती, म्हणून मेहनाजनं फोन कानाला लावला. "साहेब, बाई बँकेत हाय, माणसं लई चांगली. पण नाव मेहनाज. काळजी नको, घर गेलं म्हणून सांगतो." मालकाला पाठवायचा मेसेज त्यानं तिलाच पाठवला होता. तिनं तो पुन्हा ऐकला. तोवर दुसरा आला: "सॉरी ताई, घर गेलं." सोबत जोडलेले हात. नमाज संपवून अम्मीनं विचारलं, "क्या बोले?" मेहनाजनं पहिला मेसेज पुसून टाकला. "घर गया अम्मी. हमसे पैले कोई लिया."