अठराव्या चौकटीतलं तण

अठराव्या चौकटीत तिला ते पुन्हा दिसलं.

बोटभर उंचीचं, करवती पानांचं तण. घरच्या अंगणात ते ढिगाने उगवायचं. इथे, चारी बाजूंनी कडे तुटलेल्या या पठारावर, त्याचं काही काम नव्हतं. इथे कधी गुरं चढली नाहीत की नांगर फिरला नाही. वर्षातून एक दिवस दोराच्या शिडीने दोघंच चढायची, ती आणि नवरा. तो पुढे येऊन मीटरभराच्या चौकटींच्या दोऱ्या ताणून ठेवायचा, ती मागून एकेका चौकटीतली रोपं मोजायची.

"अगं, अठरा झाली का?" दगडावर वही घेऊन बसलेल्या नवऱ्याने विचारलं.

"दम धरा हो. गवतच आहे, पळून नाही जात."

तिने तण उपटलं. धड मूळही धरलेलं नव्हतं, अलगद हातात आलं. ते खिशात कोंबून ती मोठ्याने म्हणाली, "बारीक गवत चाळीस, पिवळं फूल सहा. बाहेरचं काही नाही."

नवरा वनस्पतींचा अभ्यासक. सासर-माहेरची माणसं त्याला 'गवत्या' म्हणत, आणि चेष्टेत तीही मागे नव्हती. पण बावीस वर्षं हा माणूस या पठारासाठी झिजला होता, आणि तिचा त्याच्यावर फार जीव होता. बाहेरचं एक रोप जरी नोंदलं गेलं, तरी अस्पर्शित जागांच्या यादीतून पठाराचं नाव कटणार, शिडी निघणार, अभ्यास बंद.

ती कपडे शिवायची, त्यामुळे नजर बारीक. आठ वर्षांपूर्वी त्याचा मदतनीस आजारी पडला, तेव्हा 'एकदाच हं' असं बजावून ती वर आली आणि पहिल्याच दिवशी हे तण सापडलं. त्या सकाळी ती मोजे झटकायला विसरली होती. बी आपल्याच मोज्यांतून आलं, याबद्दल तिला शंका नव्हती. पुढे दरवर्षी ते वेगळ्याच चौकटीत दिसू लागलं. म्हणजे पसरत होतं! दुसऱ्या कोणी मोजलं असतं तर बिंग फुटलं असतं. म्हणून गुडघे कुरकुरत असतानाही ती येत राहिली.

यंदा मात्र डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, ही शेवटची खेप, पुन्हा शिडी चढायची नाही. पुढच्या वर्षी कोणी विद्यार्थिनी मोजणार, आणि नवऱ्याला ते परक्या तोंडून कळणार. ते तिला सहन होणारं नव्हतं.

चाळिसावी चौकट झाल्यावर ती त्याच्याशेजारी बसली. खिशातलं तण तिने वहीवर ठेवलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. मोजे, पहिलं रोप, दरवर्षीची लपवाछपवी.

"तुमच्या आयुष्यभराच्या कामात मी माती कालवली. आता चिडा, ओरडा, पण काहीतरी बोला."

तो तणाकडे बघत राहिला. मग तिच्या गुडघ्यांकडे. मग चष्मा काढून उगाचच पुसत बसला.

"दरवर्षी उपटलंस?"

"दरवर्षी."

"एकदाही सांगावंसं वाटलं नाही?"

"वाटायचं हो. तुमचा चेहरा बघितला की धीर व्हायचा नाही."

त्याने वही तिच्या मांडीवर सरकवली. "मग आज नोंद तूच कर. शेवटी शेऱ्यांचं पान आहे. गेल्या वर्षीच्या खाली लिही."

आजवर तिने ती वही कधी उघडली नव्हती. त्याचं कोंबडीच्या पायांचं अक्षर वाचायची हौस कोणाला? आता पान काढून ती एकेक शब्द लावत गेली.

'मोजणाऱ्याची परीक्षा. नेहमीप्रमाणे अंगणातलं तण मुळं छाटून मीच एका चौकटीत खोचलं. तिने पाहिलं, उपटलं, खिशात लपवलं, माझ्याकडे बघून हसली. सलग आठव्या वर्षी नापास, म्हणजे पुन्हा बसवणं भाग आहे. देव करो आणि पुढच्या वर्षीही नापास होवो.'