भीमाप्पाची गिऱ्हाइकं

“आजच्या दिवस बस गं. उद्या न्हाय म्हननार,” कल्लाप्पा म्हणाला आणि त्यानं जत्रेतल्या आपल्या पाळण्याची पेटी धरून ठेवली.

शेवंतानं, त्याच्या बायकोनं, एक हात पोटावर ठेवला आणि दुसऱ्यानं पदर तोंडावर ओढला. नवसासायासानं राहिलेलं पोर, पाचवा महिना. सकाळपासून ओकारी थांबत नव्हती. “चक्कर येतीया वो,” ती म्हणाली. पण कल्लाप्पाचं लक्ष मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, भीमाप्पाच्या पाळण्यावर होतं. तिथं एकही पेटी मोकळी नव्हती. हिरवं लुगडं वर जात होतं, लाल खाली येत होतं, त्याच्या मागून पिवळं.

“त्याच्याकडं एवढी माणसं येत्यात तरी कुठनं?” तो दात खाऊन म्हणाला. शेवंता चढली.

भीमाप्पा कुणी परका नव्हे, कल्लाप्पाचा पाठचा भाऊ. बेळगुंदीच्या या दोघांचा बाप लाकडी पाळणा घेऊन बेळगावपासून निपाणीपर्यंतच्या जत्रा करायचा. बाप गेला आणि वाटण्या झाल्या. पाळणा थोरल्यानं घेतला, आई धाकट्याकडं दिली. लोकांनी तेवढ्यावरून धाकट्याची चेष्टा केली आणि धाकट्यानं चिडून लोखंडी पाळणा उभा केला. मग कल्लाप्पानं आपल्या पाळण्याला रंग दिला. भीमाप्पानं आरसे लावले. यानं एक कर्णा आणला, त्यानं दोन आणले. एका जत्रेत जागेवरून जुंपली, तेव्हा कल्लाप्पानं देवीसमोर बेलभंडारा उचलला, “भीमाच्या पाळण्याच्या सावलीलाबी पाय ठेवनार न्हाय.” भीमाप्पा कशाला मागं राहतोय? त्यानंही तिथल्या तिथं उचलला. तेव्हापासून दोघं एकाच मैदानाच्या दोन टोकांना उभे राहायचे आणि लांबूनच एकमेकांवर जळायचे.

शहात्तर साली निपाणीजवळच्या या जत्रेत फिरता सिनेमा आला. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. विड्या वळणाऱ्या बायका, तंबाखूच्या वखारीतले गडी, पोरंटोरं, सगळी तंबूत जाऊन बसली. पाळण्याकडं कुत्रं फिरकेना.

पाळणेवाल्यांचं एक जुनं शहाणपण आहे. मोकळ्या पाळण्यात गिऱ्हाईक चढत नाही. चार पेट्या भरलेल्या दिसल्या की पाचवी आपोआप भरते. म्हणून धंदा थंड असला की घरच्या बायका बसवायच्या. कल्लाप्पाकडं शेवंता होती, पाळणा ढकलणाऱ्या मष्णूची बायको होती, तिच्या बहिणी होत्या. फेरी झाली की त्या राहुटीमागं जायच्या, लुगडी बदलायच्या आणि नवी गिऱ्हाइकं होऊन परत चढायच्या. एरवी थोडक्यात काम भागायचं. यंदा भीमाप्पाचा पाळणा मोकळा होईना, म्हणून कल्लाप्पाही बायकांना उतरू देईना.

पाळणा फिरत राहिला. शेवंतानं लोखंडी कडी दोन्ही हातांनी धरली होती. मग एकाच हातानं. मग तिची मान खांद्यावर पडली.

“मालक, थांबवूया,” मष्णू ओरडला. “वैनी पांढऱ्याफटक पडल्यात.”

कल्लाप्पानं समोर बघितलं. “त्याचा थांबलाय का?”

त्याचा थांबला नव्हता.

शेवटी मष्णूनंच खांद्यानं पाळणा अडवला. शेवंताला उचलून राहुटीत नेलं तेव्हा लुगडं रक्तानं भिजलं होतं. गावातली सुईण आली. बऱ्याच वेळानं ती बाहेर आली, हात धुतले आणि कल्लाप्पाकडं न बघताच म्हणाली, “बाई वाचंल. प्वार गेलं.” कल्लाप्पाला स्वतःची शिसारी आली. आणि तरीही मेली नजर मैदानापलीकडं गेलीच. हिरवं लुगडं वर जात होतं.

आत शेवंता कनातीकडं तोंड करून पडली होती. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, “आत्तीस्नी बोलवा.”

आत्ती म्हणजे तानीबाई, त्याची आई. ती भीमाप्पाच्या राहुटीत. कल्लाप्पाला उचललेला बेलभंडारा आठवला. पण देवी कोपायची ती कोपून झाली होती. तो मैदान ओलांडून निघाला. भीमाप्पाचं तोंड दिसू नये म्हणून पाळण्याला वळसा घालून राहुटीच्या मागच्या अंगानं गेला.

तिथं दोरीवर लुगडी टाकली होती. एक लाल, एक पिवळं.

दोरीखाली तानीबाई बसली होती. ही बाई जन्मात कधी पाळण्यात बसली नव्हती. उंचावर गेलं की तिला घेरी यायची, नवऱ्यानं कितीदा हसून बोलावलं तरी ती लांबच उभी राहायची. आता तिच्या अंगावरचं हिरवं लुगडं ओकारीनं भरलं होतं. पेटीतून पडू नये म्हणून कमरेला दोर बांधला होता, तो अजून तसाच होता. भीमाप्पाची बायको तिला दोरीवरचं लाल लुगडं काढून देत होती.

“कल्लू?” म्हातारीनं डोळे बारीक केले. “आलास व्हय रं बाबा?” ती उठायला गेली आणि झोक जाऊन खाली बसली. लेकानं असल्या अवस्थेत बघितलं म्हणून ओशाळली. ओल्या पदरानं तोंड पुसत म्हणाली, “काय करू? तुजा पाळणा भरून फिरतोय, आमचा मोकळा. भीमा म्हनला, आये, घरच्या बायकांसंगं तूबी बस.”

कल्लाप्पा खाली बसून तिच्या कमरेचा दोर सोडायला लागला.

“पर खरं सांग,” म्हातारीनं कौतुकानं विचारलं, “तुज्याकडं एवढी माणसं येत्यात तरी कुठनं रं?”