बोडका कोंबडा

कंपनीत आलेल्या परदेशी पाहुण्याने जाताना आपली गळाची काठी मला देऊन टाकली आणि मी बिरवाडीच्या भाड्याच्या खोलीत गळाला लावायच्या पिसांच्या खोट्या माश्या बांधायला बसलो. सुरुवातीला तीनच प्रकार पुरे होते: एक पाण्यावर तरंगणारी, एक बुडणारी आणि एक गढूळ पाण्यात उठून दिसणारी. शेजारच्या मंजुळावहिनींकडे त्यांच्या तांबड्या कोंबड्याची चार पिसं मागितली, तर त्यांनी कोंबडाच माझ्या मांडीवर आणून ठेवला.

"तीन माश्यांवर काय भागतंय भावोजी? सावित्री नदीतले मासे लय चोखंदळ. जरा मोठ्या पण करा."

"मोठीला शेपटीचं पीस लागेल."

"मग उपटा की! मी धरलाय घट्ट."

रोज त्या नवा प्रकार सुचवत. माझा डबा भरला, कोंबड्याची शेपटी संपली. मासा मात्र एकही लागला नाही.

रविवारी त्यांच्या सासूबाई वरच्या वाडीतून आल्या, देवाच्या राखणीला बळी द्यायचा कोंबडा न्यायला. त्याला बघून त्यांनी कपाळावर हात मारला. "ह्यो बोडका देवाला कसा चालंल गो? देवाला अंगानं पुरा लागतो!"

"काय करू आत्या, भावोजींच्या माश्या पुऱ्याच होत नव्हत्या."

सासूबाई माझ्याकडे डोळे वटारून रिकाम्या हाताने परतल्या. वहिनींनी कोंबडा पदराखाली घेतला आणि हळूच म्हणाल्या, "आता बास. शेपटी फुटली की सांगते. पुढच्या राखणीआधी परत माश्या बांधायच्या हायत."