सुनावणी

"एकेकानं बोला, एकदम नको!" साहेबांनी माईकवर टिचकी मारली. घरातले यंत्रमाग गावाबाहेरच्या औद्योगिक पट्ट्यात हलवायचा नवा नियम येत होता, त्यावरच्या हरकतींची सुनावणी होती. शेवंताचे दोनच माग, तेही चुलीला लागून. ते गेले, तर त्यांच्या खडखडाटानं ठार बहिऱ्या झालेल्या तिच्या म्हाताऱ्याला दुसरीकडे काम कोण देणार?

"बोला मावशी."

ती उठली, तोच साहेब माईक बाजूला सारून शेजारच्याच्या कानाशी पुटपुटले. सभागृहात कुणालाच ऐकू गेलं नाही. पण शेवंताचा उभा संसार त्या खडखडाटात एकमेकांचे ओठ वाचूनच झाला होता. तिला लख्ख कळलं, "बोलू दे म्हातारीला. नियम कालच मंजूर झालाय."

आठवडाभर घोकलेलं बोलणं तिच्या जिभेवरच दमून बसलं.

तिनं मागं वळून पाहिलं. म्हातारा मात्र साहेबांकडे बघतच नव्हता. शेवटच्या खुर्चीतून तिच्याकडेच डोळे लावून होता. त्यानं नुसते ओठ हलवले, "काय म्हणतोय त्यो?"

"ऐकून घेत्यात, धनी," तिनंही बिनआवाजी सांगितलं. मग साहेबांकडे तशीच पाठ ठेवून तिनं आपली हरकत मांडली, सावकाश, एकेक शब्द त्याला दिसेल अशी.