दारातून

"आमचं मानूस गेलं, तं त्या शिष्टरनं उभ्या उभ्या सांगितलंन नि निघून गेली." आगरदांड्याच्या रंगूबाईंचं हे बोलणं मृणाली म्हात्रे मॅडमच्या मनात इतकं रुतलं, की मृत्यूची बातमी नातेवाइकांना कशी द्यावी, याच विषयावर त्यांनी पीएच.डी. केली.

पुढे एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रत्येक बॅचकडून त्या हे वर्गात नाटकासारखं करून घ्यायच्या. "चांगली बातमी काय, दारातूनसुद्धा सांगता येते गं. वाईट असली की आधी खुर्ची ओढायची, समोर बसायचं, मगच तोंड उघडायचं."

त्यांच्या विद्यार्थिनी कल्पिताला हे कधी जमलंच नाही. घाबरून ती दारातूनच सगळं बोलून टाकायची आणि मॅडम तिला चिडून परत पाठवायच्या. "पुन्हा ये. नीट बस. मग बोल."

आज सकाळी चौलच्या वाडीत सुपाऱ्या वेचता वेचता मॅडमचे मिस्टर कोसळले. आता आयसीयूबाहेरच्या बाकावर मॅडम एकट्याच बसल्या होत्या. दार उघडलं. ड्युटीवर कल्पिता होती. या वेळी दारात न थांबता तिने कोपऱ्यातली प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि मॅडमच्या समोर आणून ठेवली. अगदी शिकवलं होतं तसंच.

मॅडमनी दोन्ही हातांनी ती खुर्ची मागे ढकलली.



"बसू नकोस गं, कल्पिता. जा, दारातूनच सांग."