शिट्टी क्रमांक चौदा

आजच्या लेखाखाली चाळीस माणसांनी 'वा, वा' लिहिलं होतं, पण होडीत बसलेली ऋजुता वाट बघत होती ती समुद्राच्या प्रतिक्रियेची. दुभाषी यंत्र आल्यापासून तिचा विज्ञानब्लॉग होडीखालच्या भोंग्यातून डॉल्फिनांनाही ऐकवला जायचा, आणि ते वाचक भलतेच खडूस होते.

अखेर पडद्यावर अक्षरं उमटली. 'शिट्टी क्रमांक चौदाचा अर्थ साफ चुकलाय.'

ऋजुताने ते वाक्य पुन्हा वाचलं. तिचं सात वर्षांचं संशोधन त्या एका शिट्टीवर उभं होतं. तिची होडी दिसली की डॉल्फिन ती वाजवायचे, एरवी कधीच नाही. म्हणून तिने अर्थ लावला होता, 'धोक्याचा इशारा'.

'मग खरा अर्थ काय?' तिने घाईघाईने लिहिलं.

'अर्थ कसला? तुझं नाव आहे ते. सात वर्षं हाका मारतोय, आणि तू नुसती टिपून घेतेस!'

"बाई, रडतास कित्याक?" वल्ही सोडून होडीवाले बाबलकाका धावले.

ऋजुता रडता रडता हसत होती. तेवढ्यात पाण्यातून शिट्टी क्रमांक चौदा आली. तिने वही बाजूला टाकली, काठावरून वाकली आणि खणखणीत ओ दिली.