सौरवादळातली मंडळं

सौरवादळाने उपग्रह निकामी झाले, तसे राज्यातले फोन मुके झाले आणि उपग्रहांच्या भरवशावर आपोआप धावणाऱ्या सगळ्या गाड्या जागच्या जागी थांबल्या. त्याच सकाळी सावंतवाडीला बाळंत झालेल्या निशिगंधा गवस हिला तातडीने रक्त हवं होतं, तेही अतिशय दुर्मीळ अशा ‘बॉम्बे’ गटाचं.

डॉक्टरांनी हौशी रेडिओ मंडळाच्या वसंत धुरींना गाठलं. धुरींनी जुन्या संचावरून हाक दिली. कोल्हापूरच्या मंडळाने ती ऐकून इचलकरंजीला कळवली. तिथल्या दुर्मीळ रक्तदात्यांच्या संस्थेतला एक यंत्रमाग कामगार लगेच रक्त द्यायला आला. बर्फात ठेवलेली त्याच्या रक्ताची पिशवी सायकल क्लबच्या पोरींनी आळीपाळीने आणली. आजऱ्याच्या बचत गटाने त्यांना भाकरी दिली. आंबोली घाटातल्या धुक्यात गिर्यारोहक पुढे चालून वाट दाखवत होते.

दुसऱ्या दिवशी निशिगंधा उठून बसली. सासूने धुरींना विचारलं, “ह्यां रगात सरकारच्या खंयच्या खात्यान धाडल्यान?”

“खात्यान न्हय, काकी. ल्हान ल्हान मंडळांनी.”

धुरींनी रेडिओवरून सांगितलं, “बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. कोणाकोणाचे आभार मानू?”

एकेक मंडळ आपलं नाव सांगू लागलं. ज्यांनी नुसता निरोप पुढे पोचवला होता, तेही बोलले. सासू नातवाला मांडीवर घेऊन ऐकत होती. दुपार झाली तरी नावं येतच होती.

शेवटी पार गडचिरोलीहून एक आवाज आला. “आम्ही काहीच केलं नाही. आमचं मंडळ पाच बायकांचं आहे. पुढच्या वेळी आम्हालाही हाक द्या.”